आंघोळ घालूनही कुत्र्याचा वास जात नाही? आधी वासाची जागा शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापुरात घर, सहा वर्षांचा लॅब्रेडोर, नाव मोती. दर रविवारी शाम्पू लावून आंघोळ, तरी बुधवार उजाडेपर्यंत तोच कुबट वास. मेडिकलमधून एक मलम आणलं, पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. पावसाळ्यात त्रास जास्त. पाय चाटत बसतो, मधूनच डोकं झटकतो. घरचे कंटाळले आणि आता त्याला मागच्या पडवीत बांधायला लागले. तुम्ही विचारलंय, कुठला शाम्पू चांगला?

शाम्पूचं पुढे सांगतोच. पण बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत सव्वीस वर्षं कुत्री तपासतोय, त्यावरून एक गोष्ट आधी सांगतो. असा परत परत येणारा वास अंगावरच्या घाणीचा नसतो. शरीरावर किंवा शरीरात कुठेतरी एक जागा असते, तिथून तो रोज तयार होऊन येतो. आंघोळीने आपण तो पुसतो, जागा तशीच राहते. आणि दवाखान्यात येण्याच्या आदल्या दिवशी लोक कुत्र्याला घासूनपुसून, पावडर लावून आणतात, तेव्हा माझ्या हातातला सगळ्यात मोठा पुरावाच धुऊन गेलेला असतो. म्हणून पाच दिवस आंघोळ पूर्ण बंद. वास सहन करा, पण धुऊ नका.

आता साधा फरक कसा ओळखायचा ते बघा. पावसात भिजलेल्या कोणत्याही कुत्र्याला वास येतो. केसांवरच्या जिवाणूंनी आणि यीस्टने (यीस्ट म्हणजे एक सूक्ष्म बुरशी) सोडलेली द्रव्यं पाण्याबरोबर हवेत उडतात म्हणून तो येतो. कुत्रा खडखडीत वाळला आणि वास गेला, तर विषय तिथंच संपला. दुसरा प्रकार लोळून आणलेल्या वासाचा. वडगाव-येळ्ळूरकडची कुत्री बळ्ळारी नाल्यात उतरून येतात, चिकोडीकडची साखर कारखान्याच्या मळीत. तो वास भयंकर असतो, पण एका आंघोळीत जातो. वाळल्यावरही राहतो आणि आंघोळीनंतर तीन-चार दिवसांत परततो, तो तिसरा वास. मोतीचा हाच आहे.

तो शोधायला यंत्र लागत नाही, नाक लागतं. दिवसाउजेडी मोतीला फरशीवर आडवा करा, ज्याच्यावर त्याचा जास्त विश्वास त्या माणसाने डोक्याशी बसावं. कापसाचे सात-आठ बोळे घ्या. एक डाव्या कानाच्या तोंडाशी फिरवा, एक उजव्या. एक ओठाच्या घडीत, एक गळ्याच्या पट्ट्याखाली, एक काखेत, एक मागच्या मांडीच्या खोबणीत, एक पायाच्या बोटांमध्ये, शेवटचा शेपटीखाली. प्रत्येक बोळा कुत्र्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. एरवी सगळ्या अंगाचा मिळून एकच वास येतो आणि काही कळत नाही. वेगळे हुंगले की एखादा बोळा असा काही येतो की हातातून टाकून द्यावा वाटतं. तीच जागा. लोकांना हे किळसवाणं वाटतं, पण मी स्वतः रोज करतो.

वासाचा प्रकारही लक्षात ठेवा. खवट तेलासारखा, आंबलेल्या पिठासारखा, ओल्या पोत्यासारखा आला तर यीस्ट. सुक्या मासळीसारखा आला तर शेपटीखालच्या ग्रंथी. मेल्या उंदरासारखा आला तर दात, नाहीतर कुजलेली जखम. तोंडाला लघवीसारखा वास आला तर मूत्रपिंड तपासायला हवं. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर आला तर मधुमेह हाताबाहेर गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मोतीच्या बाबतीत माझा पहिला संशय कानावर आहे, कारण तो डोकं झटकतो. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. लॅब, कॉकर यांचे कान वरून झाकलेले, त्यात पोहणं आणि पाऊस. आत दमट अंधार कायमचा. तपकिरी मेणचट मळ आणि खवट वास असेल तर बहुधा यीस्ट. पिवळा-हिरवट पू, घाण वास आणि हात लावू न देणं असेल तर जिवाणू. कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा काळा मळ पिल्लांत जास्त दिसतो, तो कानातल्या माइट किड्यांचा. बाहेरून पाहून औषध घालणं धोक्याचं आहे. मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे आत बघायला हवं. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी काही औषधं आत गेली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. कापसाच्या काड्या आत घालू नका, त्याने मळ त्या वळणावर ठासून बसतो. कोमट तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, लसणाचं पाणी, यातलं काहीही नको.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती आपल्या भागात पुन्हा पुन्हा घडू शकते. सुरुवातीच्या वर्षांत एक कॉकर आला होता, एकाच कानाला वास. मी आत नीट न पाहता थेंब दिले. आठवड्याने परत आला, थेंब बदलले. तिसऱ्या खेपेला भूल देऊन आत पाहिलं, तर वळणाच्या पलीकडे कुसळ रुतलेलं. दिवाळीच्या सुमारास आपल्या माळांवर कुसळी गवत वाळतं, आपल्या धोतरा-पायजम्याला चिकटतं ते. त्याच्या टोकाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्या बिचाऱ्या जिवाने तीन आठवडे ते दुखणं माझ्या घाईपायी काढलं. तेव्हापासून एकाच कानाला किंवा पायाच्या एकाच फटीत वास आला की मी आधी कुसळ शोधतो. पायाच्या बोटांत गेलं तर एक भोक पडतं, पू येतो, बंद होतं, मग थोडं वर दुसरं भोक पडतं. वरवर मलम लावून ते कधीच बरं होत नाही.

आता तोंड. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं लोक गृहीत धरतात. ते खरं नाही. निरोगी तोंडाला अन्नाचा वास थोडा वेळ येतो, कुजका येत नाही. ओठ वर उचलून मागच्या दाढा बघा. पुढचे दात पांढरेशुभ्र असतात आणि मागे तपकिरी किटण साचून हिरडी लाल झालेली असते. तिसऱ्या वर्षापर्यंतच बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांत काही ना काही सुरुवात झालेली असते. निपाणीचे एक आजोबा अकरा वर्षांची पॉमेरियन घेऊन आले होते. डोळ्याखाली जखम, आठ महिने कधी मिटायची, कधी फुटायची. "डॉक्टर, आधी डोळ्याचं औषध द्या की ओ, तोंडाच्या वासाचं नंतर बघू," असं म्हणाले. मी ओठ उचलला. वरच्या जबड्यातली मांस फाडायची मोठी दाढ किटणात बुडालेली, बोटाने हलत होती. त्या दाढेला तीन मुळं असतात आणि मुळांची टोकं बरोबर डोळ्याच्या खाली येतात. मुळाशी पू झाला की तो वाट काढत गालावर फुटतो. डोळ्याची जखम आणि तोंडाचा वास हे एकच दुखणं होतं. भूल देऊन दाढ काढली. दहा-बारा दिवसांत गालावरची जखम मिटली, ती पुन्हा फुटली नाही. आजोबा पुढच्या भेटीला सांगत होते की ती आता पुन्हा त्यांच्या पायाशी पांघरुणात झोपते. वासामुळे वर्षभर तिला खोलीत घेत नव्हते.

घरी दात घासायचे तर कुत्र्यांची पेस्ट घ्या. माणसांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल असतं, आणि झायलिटॉल कुत्र्याला विष आहे. टाळूला आडवं अडकलेलं हाडाचं तुकडं हेही तोंडाच्या वासाचं एक कारण. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो आणि लाळ गाळतो.

पण इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, अशा कुत्र्याच्या तोंडात हाड अडकलं असेल म्हणून हात घालू नका. रेबीजमध्येही अगदी असंच दिसतं. आपल्याकडे भटक्या कुत्र्याशी भांडण झालेलं घरच्यांना माहीतही नसतं. लस वेळेवर झालेली नसेल तर हात न लावता त्याला वेगळं ठेवा आणि फोन करा. लाळ आधीच हाताला लागली असेल, विशेषतः जखमेवर, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी माणसांच्या दवाखान्यात जा.

शेपटीखालचा वास लवकर सांगून टाकतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजता काटे असतात तिथे, दोन छोट्या पिशव्या असतात. शी घट्ट असली की जाता जाता त्या दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. नुसतं दूध-भात खाणाऱ्या कुत्र्याची शी सैल, मग त्या भरून राहतात. कुत्रा ढुंगण फरशीवर घासत चालतो; लोक जंत समजून जंताचं औषध देतात. जेवणात उकडलेला लाल भोपळा दोन चमचे घातला की पुष्कळांना फरक पडतो. उगाच दर महिन्याला दाबून काढू नका, निरोगी पिशव्यांना त्याने सूज येते. बाजूला लाल गाठ आली तर मात्र आत पू झालाय, तिथं भोपळा चालणार नाही.

आता त्वचेकडे येतो, कारण मोतीचं पाय चाटणं तिकडे बोट दाखवतंय. बोटांमधले केस लाल-तपकिरी झालेत का बघा. लाळेने तसा रंग येतो. काख आणि मांडीची खोबण बोटाने चोळा. तेलकट लागली, कातडी काळवंडून जाड, हत्तीच्या कातडीसारखी झाली असेल, तर यीस्ट जवळपास नक्की. मॅलॅसेझिया हे तिचं नाव. ती निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडी असतेच. दमटपणा आणि तेल मिळालं की बेसुमार वाढते. जांबोटी-कणकुंबीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, तिथे लॅब्रेडोरची दाट आतली लव कशी वाळणार? मुधोळच्या कारवान कुत्र्यांना, ज्यांचे केस आखूड आणि अंग कोरडं, हा त्रास मी फार कमी पाहिला. दवाखान्यात मी त्या जागेवर चिकटपट्टी दाबतो, रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली बघतो. यीस्टच्या पेशी भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या दिसतात, मधे कमरेत बारीक. एकदा दाखवल्या की मालकांना ओळखायला येतात. चार महिन्यांनी पुन्हा आलेल्या एका गृहिणीने माझ्या आधी भिंगातून पाहून सांगितलं, "शेंगा कमी झाल्यात."

तुमच्या त्या मलमाकडे बघा. पंधरा दिवस बरं आणि मग पुन्हा जास्त, हे वर्णन मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 'तीन-एक' मलमांचं असतं. त्यात स्टेरॉइड, बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, लाली जाते, सगळ्यांना वाटतं बरा झाला. पण ते कातडी पातळ करतं, आणि कुत्रा ते चाटून पोटातही घेतो. ते बंद करा. त्वचेचं स्टेरॉइड इंजेक्शन कोणी दिलं असेल तर तेही पुढच्या डॉक्टरला सांगा, लपवू नका.

शाम्पूचा प्रश्न आता. माणसांचा शाम्पू आणि अंगाचा साबण नको. कुत्र्याच्या कातडीची आम्लता माणसापेक्षा वेगळी, सातच्या आसपास असते, माणसाची साडेपाचच्या आसपास. यीस्टसाठी क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनॅझोल २ टक्के असलेला कुत्र्यांचा औषधी शाम्पू लागतो. चांगला शाम्पू आणूनही गुण येत नाही, तिथे दहापैकी आठ वेळा कारण एकच निघतं: लावला आणि लगेच धुतला. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावा. ही दहा मिनिटं कुत्रा झटकणार, चाटणार, म्हणून एकाने समोर बसून हाताला लावलेला खाऊ चाटायला द्यावा (शाम्पू नव्हे) किंवा नुसतं खाजवत राहावं. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. नंतर आठवड्याला एकदा. आणि वाळवणं आंघोळीइतकंच महत्त्वाचं: दोन टॉवेल, मग पंखा, केस उलटे करून मुळाशी बोट घालून बघा, आत गारवा लागला तर अजून वाळलेला नाही. कानात पाणी जाऊ देऊ नका. अंगाला खोबरेल तेल, करंज तेल चोळू नका; ही यीस्ट कातडीच्या तेलावरच जगते. निपाणीकडे गोचीड मारायला तंबाखूचं पाणी लावतात. त्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं. थरथरत, ओकत आणलेली कुत्री मी हाताळलीत. फिनेलने पुसणं तसंच घातक.

पण यीस्ट हे मूळ नाही, ती मागाहून येते. कातडी आधी कशाने तरी बिघडलेली असते. म्हणून आधी गोचीड आणि पिसवांचं औषध नीट, दर महिन्याच्या गोळीने, दोन महिने. तेवढ्याने खाज उतरली तर पुढचं टळलं. नाही उतरली तर अन्नाची ॲलर्जी बघायची. आठ आठवडे असं एकच अन्न, जे त्याने आजवर खाल्लेलं नाही, आणि दुसरं काही नाही. घरात हे अवघड जातं, मला माहीत आहे. आजी चहात बुडवलेली खारी देतात, नातवंडं चपातीचा तुकडा. एक तुकडासुद्धा महिन्याची मेहनत पाण्यात घालतो. (कुंदा, पेढा तर नाहीच, आणि कर्दंटात बेदाणे असतात, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक.) तेही नसेल तर धूळ, परागकण, गवत यांची ॲलर्जी उरते; ती मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहते. सहा वर्षांचा लॅब, म्हणून आणखी एक बघा: खाणं तेवढंच असून वजन वाढलं, सुस्तावला, शेपटीचे केस झडून ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागली, तर थायरॉइडची तपासणी. ती मात्र अंगावरचा संसर्ग निवळल्यावर करा. आजारी असताना आकडा खोटाच कमी येतो.

मोतीला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी ऑपरेशन न केलेली मादी आहे त्यांच्यासाठी: माजावर येऊन गेल्यावर दोन महिन्यांच्या आत योनीतून घाण वासाचा स्राव, पाणी जास्त पिणं, जेवण सोडणं, हे गर्भपिशवीत पू झाल्याचं लक्षण. रात्र काढू नका. स्राव येत नसेल आणि पोट फुगत असेल तर ते जास्त धोक्याचं, कारण पू आतच साठतोय. बाहेर फिरणाऱ्या नर-मादीत लिंगाच्या जागी रक्त टिपकत असेल आणि वास येत असेल तर संसर्गाने पसरणारी एक गाठ असते. व्हिंक्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार ते सहा इंजेक्शनांनी बहुतेक बरी होते. आणि पावसाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याला अचानक मेल्या उंदरासारखा वास आला तर केस बाजूला करून अळ्या पडल्यात का बघा, विशेषतः पट्ट्याखाली, कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी. त्या तासा-तासाला आत जातात.

पाणी किती पितो तेही दोन दिवस मोजा. सकाळी मापाने भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. किलोमागे दिवसाला शंभर मिलीपेक्षा जास्त, म्हणजे तीस किलोच्या मोतीने तीन लिटरच्या वर, तर रक्त-लघवी तपासायलाच हवी.

मोतीसाठी तुम्ही या आठवड्यात एवढं करा. आजपासून आंघोळ आणि ते मलम बंद. रविवारी बोळे हुंगा, ज्या जागेला वास येतो ती कागदावर लिहा, बोटांमधल्या केसांचा आणि कानाच्या आतल्या भागाचा मोबाइलवर उजेडात फोटो काढा. सोमवारी डॉक्टरकडे जाताना मलमाची रिकामी ट्यूब, दिलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि लसीचं कार्ड बरोबर घ्या. काचपट्टी बघितल्याशिवाय औषध देऊ नका, असं स्पष्ट म्हणा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आणि त्याला पडवीतून आत घ्या. सासूबाईंना समजावून सांगा की हा महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. पडवीची ओली जमीन, भिंतीवरून येणारं पावसाचं पाणी आणि भिजलेलं पोतं, या तिन्हींवर त्याची यीस्ट वाढतेच आहे, वर एकटा पडल्यावर तो पाय आणखी चाटतो. आत कोरड्या फरशीवर, रोज धुता येईल अशा सुती चादरीवर झोपू द्या. चादर गरम पाण्यात धुवा आणि चुलीजवळ किंवा इस्त्रीने कोरडी करून मगच घाला.